मदत हवी आहे: भावाला दुबईत फाईट मिळाली, परवा सही करायची आहे

अंबाजोगाईची_ताई
लवकर सांगा, परवा सही करून पाठवायचीय. भावाला दुबईत फाईट मिळाली. ३ हजार डॉलर, त्यातले ५० हजार रुपये आगाऊ देतो म्हणतात. पैसे बुडणार तर नाहीत ना? करारात काय बघायचं तेवढंच सांगा. आईवडील कारखान्यावर ऊसतोडीला आहेत, त्यांना अजून सांगितलेलं नाही.

नांदेडचा_राजा
फाईट म्हणजे बॉक्सिंग की पिंजऱ्यातली? वजन किती, राऊंड किती, समोर कोण?

अंबाजोगाईची_ताई
बॉक्सिंगच की. ६ राऊंड.

जालना_७७
पाठवा ताई! विजेंदर सिंगनं २००८ ला बीजिंगमध्ये ब्राँझ घेतलं, २०१५ ला प्रो म्हणजे व्यावसायिक झाला, पहिली फाईट इंग्लंडात मारली. नीरज गोयत २०२४ ला टेक्सासमध्ये टायसन आणि जेक पॉलच्या फाईटीच्या कार्यक्रमात खेळला. इथं पोरगं स्पर्धेला जातं ते जनरल डब्यात उभं राहून. चार पैसे मिळत असतील तर अडवू नका.

हिंगोलीकर
तत्काळ पासपोर्टला आधार आणि पॅन दोन्ही जवळ ठेवा. पोलीस पडताळणी नंतर होते.

अंबाजोगाईची_ताई
पासपोर्ट आहे हो.

लातूर_रिंग
जालनावाले, विजेंदरच्या हातात ऑलिम्पिकचं पदक होतं, मागं मोठा प्रमोटर होता. तिथं तिकिटं त्याच्या नावावर विकली जायची. ह्या पोराला समोरच्या कोपऱ्यासाठी बोलावलंय. तिथल्या चढत्या बॉक्सरचं रेकॉर्ड वाढवायला बाहेरून कुणीतरी आणावं लागतं.
मी स्वतः बँकॉकला असाच गेलो होतो. दहा दिवस आधी कळवलं. दोन दिवस पाणी तोडून चार किलो उतरवले. तिसऱ्या राऊंडला पडलो. रात्री खोलीवर उलट्या, डोकं फुटतंय की काय असं, आणि दवाखान्यात न्यायला कुणी नाही. विमा आहे म्हणाले होते, कागद मी मागितलाच नाही. आजही डाव्या कानात आवाज येतो.
ताई, भावाच्या प्रो फाईटी किती? वजन? तारीख?

अंबाजोगाईची_ताई
प्रो एकही नाही. राज्याला ब्राँझ आहे. ६० किलोला खेळतो, ही ६६ ला आहे, जेवून वाढवतो म्हणतो. पुढच्या शनिवारी. पण मी पैशाचं विचारलं होतं.

लातूर_रिंग
पैशाचंच सांगतोय. हौशीत ३ राऊंड असतात, पहिली प्रो फाईट बहुधा ४ ची देतात, ह्याला एकदम ६. हातात १० औंसाऐवजी ८ औंसाचे ग्लोव्ह्ज. लाइटवेटचं म्हणजे ६० च्या गटातलं पोर मधला गट सोडून एकदम वेल्टरवेटला, ६६ च्या गटाला. समोरचा मात्र वरून वजन उतरवून येणार, रिंगमध्ये चढेपर्यंत सत्तर किलोला गेलेला असेल.
१९८२ ला कोरियाचा किम दुक कू लास वेगासला जाऊन अमेरिकेच्या मॅन्सिनीशी लढला. १४ व्या राऊंडला पडला, चार दिवसांनी गेला. त्यानंतर डब्ल्यूबीसी ह्या जागतिक बॉक्सिंग संघटनेनं किताबी लढत १५ वरून १२ राऊंडवर आणली. तो तर किताबासाठी लढणारा तयार बॉक्सर होता.
मेंदूचा एमआरआय, डोळे, एचआयव्ही, हिपॅटायटिस, ह्यातलं काही मागितलंय का?

माळेगाव_यात्रा
म्हणून म्हणतो कुस्तीला घाला. मातीत पडलं तर डोकं शाबूत राहतं.

जालना_७७
कुस्तीत माना मोडत नाहीत काय? धागा कशाचा, तुमचं काय!

परभणी_वकील
ताई, भांडणं राहू द्या. करारातले शब्द इथं टाका, नावं झाकून. व्हिसा कोणता?

अंबाजोगाईची_ताई
व्हिजिट व्हिसा. "तिकीट, राहणं, तपासणी हा खर्च मानधनातून वजा. पुढील ३ वर्षे सर्व लढती आमच्यामार्फत. प्रतिस्पर्धी नंतर कळवू." विम्याचं काही लिहिलेलं नाही. तपासणीचं अजून कुणी विचारलं नाही.

परभणी_वकील
व्हिजिट व्हिसावर तिथं काम करणं बेकायदा आहे. पैसे अडकले तर तक्रार कोणत्या तोंडानं करणार? तपासणी झालेलीच नाही, तिचा खर्च मात्र कापणार. वजावटीला वरची मर्यादा लिहून घ्या, नाहीतर ३ हजारांतले हातात किती येतील सांगता येत नाही. विम्याची पॉलिसी भावाच्या नावानं, परतीचं तिकीट आणि समोरच्याचं नाव सहीच्या आधी हवं. ३ वर्षांची अट खोडा.

बीड_कोयता
ताई, हे आगाऊ म्हणजे उचलच की. आपल्या घरात माहीत आहे उचल काय असते. माझ्या बापानं एका मुकादमाची घेतली होती, दोन हंगाम फिटली नाही.

नांदेडचा_राजा
राज्याचं पदक आहे तर प्रमाणपत्र पडताळून घ्या. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे.

अंबाजोगाईची_ताई
सकाळी त्यांना समोरच्याचं नाव विचारलं. तेव्हापासून फोन उचलत नाहीत. पण ५० हजार कालच भावाच्या खात्यावर आलेत, सही नसताना. त्यातले २० त्यानं मुकादमाला देऊन टाकले, आईची कंबर धरलीय म्हणून तिला सोडवायला. आता काय करू?

परभणी_वकील
सही करू नका. उरलेल्या ३० ला हात लावू नका. "सही झालेली नाही, रक्कम परत करतो, खाते कळवा" असं आजच लेखी पाठवा, फोनवर बोलू नका. २० साठी हप्ते मागू, मजकूर मी लिहून देतो.

लातूर_रिंग
ताई, पोरगं आत्ता कुठं आहे?

अंबाजोगाईची_ताई
ग्राउंडवर. वजन वाढवायला सकाळपासून केळी खातोय.

लातूर_रिंग
उद्या सातच्या एसटीनं येतो. त्याला काही बोलू नका, मी बोलतो.