१२० जणांच्या वर्गाची ऑनलाइन चर्चा कशी लावावी?

प्रश्न
दुसऱ्या वर्षाचा वर्ग, एकच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. असाइनमेंटची तारीख टाकली की "ओके सर"च्या रांगेखाली ती दिसेनाशी होते. विषयावर बोलणारे तेच चार-पाच जण. यंदा चर्चेला १० गुण ठेवायचे आहेत. काय बदलू?

उत्तर १
आधी सूचना आणि शंका वेगळ्या करा. सूचनांच्या ग्रुपमध्ये मेसेज टाकण्याचा अधिकार फक्त अ‍ॅडमिनकडे ठेवा. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, मुलींना नको ते मेसेज येतात ते इथूनच. म्हणून व्हॉट्सअ‍ॅप कम्युनिटी (अनेक ग्रुप एका छत्राखाली ठेवायची सोय) करून तिच्या सूचना-ग्रुपमधून कळवा, तिथे सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. शंकांसाठी टेलिग्राम ग्रुप करून टॉपिक्स चालू करा, एका प्रकरणाला एक टॉपिक. जुने मेसेज नव्या सदस्यांना दिसतील असं सेटिंग करा, नाहीतर उशिरा आलेला तीच शंका पुन्हा विचारतो.

उत्तर २
गुणांची चर्चा मात्र मूडलवरच (ऑनलाइन अभ्यासक्रम चालवायची प्रणाली) घ्या, आणि तिथल्या फोरमचा, म्हणजे चर्चेच्या पानाचा, प्रकार प्रश्नोत्तर निवडा. साध्या फोरमवर पहिलं चांगलं उत्तर आलं की खाली "मी सहमत" सुरू होतं. या प्रकारात स्वतःचं उत्तर टाकेपर्यंत इतरांचं दिसत नाही. टाकल्यावरही दुरुस्तीची मुदत संपावी लागते, ती मुळात ३० मिनिटांची असते. रात्री ११:५० ला लिहिणाऱ्याला १२ च्या आत काहीच वाचता येत नाही आणि मग तक्रारी येतात. त्यामुळे मुदती दोन द्या: स्वतःचं उत्तर बुधवारी, दोघांना प्रतिसाद शनिवारी.

१२० जण एकत्र नकोत, ८-१० जणांचे गट करा. "स्वतंत्र गट" हे सेटिंग (एका गटाला दुसऱ्याची चर्चा दिसत नाही) लावल्यावर प्रश्न "सर्व सहभागी" निवडून टाकलात तर मुलांना तो वाचता येतो, उत्तर देता येत नाही. सगळ्या गटांना प्रत पाठवण्याचा पर्याय निवडा. सक्तीचं सबस्क्रिप्शनही काढा, नाहीतर प्रत्येक पोस्टचा ईमेल सगळ्यांना जाऊन पूर येतो.

उत्तर ३
सेटिंग ठीक, पण प्रश्न कसा विचारता त्यावर बरंच अवलंबून आहे. "महागाईवर चर्चा करा" म्हटलं की पाठ्यपुस्तकातला उतारा येतो. "व्याजदर वाढवल्यावर आधी फटका कुणाला, कर्जदाराला की ठेवीदाराला? एक कारण द्या, १५० शब्द" असं विचारलं की बाजू घ्यावीच लागते. आणि पहिला दिवसभर तुम्ही स्वतः उत्तर देऊ नका. सरांचं मत आलं की पुढे कुणी वेगळं लिहीत नाही.

प्रश्नकर्ता
दोन मुदती आणि गटांची प्रत, दोन्ही नेमकं हवं होतं. गुणांची विभागणी?

उत्तर २
उत्तराला ४, प्रतिसादांना ६. उलट केलंत तर मुलं बुधवारीच थांबतात.