मिक्सिंगसाठी हेडफोन हवेत, बजेट १२ हजार (मदत हवी आहे)

घरीच अभंग रेकॉर्ड करून मिक्स करतो. खोली दहा बाय दहाची, काम रात्री घरचे झोपल्यावर, त्यामुळे कृपया मॉनिटर स्पीकर सुचवू नका.

सध्याचे हेडफोन बास फुगवून ऐकवतात. मग मी पखवाजाची डावी बाजू उतरवतो आणि गाडीत ऐकलं की पखवाज गायब! ओळखीच्या गाण्यांशी ताडून पाहिलं, ईक्यूने (खर्ज-तीव्र आवाज कमी-जास्त करायचं साधन) बास कापूनही पाहिला. थोडा फरक पडतो, पण टाळांचा चरचरीतपणा किती ठेवायचा याचा अंदाज अजूनही येत नाही.

गाणं रेकॉर्ड करायला वेगळे क्लोज्ड-बॅक (मागून बंद, आवाज बाहेर न सोडणारे) आहेत, म्हणून आवाज बाहेर गेला तरी चालेल. चष्मा आहे, सलग दोन-तीन तास घालायचे असतात. ब्लूटूथ नको. इंटरफेस (माइक-हेडफोन कॉम्प्युटरला जोडणारा डबा) साधा यूएसबीवाला, हेडफोनला जोर द्यायला वेगळा अ‍ॅम्प घेणार नाही.

डोक्यात एकेजी के२४० स्टुडिओ (सेमी-ओपन, ५५ ओहम) आणि ऑडिओ-टेक्निका एम४०एक्स (क्लोज्ड, ३५ ओहम) आहेत. सेनहायझर एचडी ५६०एस सेकंडहँड मिळाला तर तोही, पण तो १२० ओहमचा, म्हणजे वाजवायला जास्त जोर लागेल अशी शंका.

प्रत्यक्ष वापरलेल्यांनीच सांगा: साध्या इंटरफेसवर ५६०एस पुरेसा मोठा वाजतो का? आणि पखवाजाचा खर्ज जोखायला के२४० वर विसंबता येतं, की तिथे एम४०एक्सच बरा?