वेटलिस्टची शेवटची तारीख आपणच ठरवावी का?

पार्लेकर_बाबा
आधी माझं मत सांगतो. ज्यांची मुलं अमेरिकेतल्या नावाजलेल्या कॉलेजच्या वेटलिस्टवर आहेत, त्या घरांनी स्वतःची एक तारीख ठरवावी. ती उलटली की कॉलेजला आपणहून नकार कळवावा आणि मोकळं व्हावं. माझ्या मते १५ जून पुरे.

आमची लेक यंदा बारावी झाली. मार्चअखेर तिच्या आवडत्या कॉलेजचं उत्तर आलं, ना हो ना नाही. दुसरीकडे प्रवेश मिळालाय, थोडी शिष्यवृत्तीही आहे, आणि १ मेच्या आत तिथलं डिपॉझिट आम्ही भरलं. पण या दुसऱ्या कॉलेजचं घरात कुणी नावही काढत नाही. आवडत्या कॉलेजची अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची कचेरी सकाळी नऊला उघडते तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा, आणि ती पाचला बंद होते तेव्हा रात्रीचे अडीच. तोवर पोरीला झोप नाही.

आपल्याला कट-ऑफची सवय. यादी लागते, टक्के दिसतात, पुढच्या यादीपर्यंत किती थांबायचं ते कळतं. इथे बहुतेक ठिकाणी क्रमांकच नसतो. १ मेनंतर किती जण येणार हे कॉलेज मोजतं आणि उरलेल्या जागा आपल्या गरजेप्रमाणे भरतं. एखाद्या विषयाला मुलं कमी पडली असतील, एखाद्या भागातून कुणी आलं नसेल. आपली मुलगी त्या गरजेत बसते का, हे इथून कळायला मार्गच नाही. अशा गोष्टीसाठी अख्खा उन्हाळा का द्यायचा?

माहीम_कॉजवे
अजिबात पटलं नाही. यादीवर राहायला पैसा लागत नाही. दुसरीकडचं डिपॉझिट भरलेलं आहे, म्हणजे पाय जमिनीवर आहेत. मग दार आपणच का लावून घ्यायचं? २०२० साली कोविडमुळे अनेक कॉलेजांनी वेटलिस्टवरून नेहमीपेक्षा बरीच जास्त मुलं घेतली. ज्यांनी मे महिन्यातच नाव काढून घेतलं असेल, त्यांचा विचार करा. मुलीला एक छोटं, नेमकं पत्र लिहू द्या. अर्जानंतर नवीन काय केलं, बारावीचा निकाल काय लागला, जागा मिळाली तर नक्की येणार का, एवढंच. आणि थांबा.

पार्लेकर_बाबा
पत्र एप्रिलमध्येच गेलंय. २०२० हे अपवादाचं वर्ष होतं, त्यावर यंदाचा हिशोब कसा मांडणार? बरीच कॉलेजं दरवर्षी कॉमन डेटा सेट नावाचं माहितीपत्रक काढतात. त्यात वेटलिस्ट किती जणांना दिली, किती थांबले आणि किती घेतले, हे तीन आकडे असतात. प्रत्येक पालकाने आपल्या कॉलेजचे मागच्या काही वर्षांचे आकडे काढून बघावेत. काही कॉलेजांनी एखाद्या वर्षी यादीतून एकालाही घेतलेलं नाही.

मुलुंड_पूर्व
आकड्यांआधी व्हिसाचं बघा. विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा कागद, म्हणजे आय-२०, कॉलेजकडूनच येतो. जुलैत दुसऱ्याच कॉलेजने बोलावलं तर नवा आय-२० आणि पुन्हा सगळी धावपळ. बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखतीची तारीख मिळणं आपल्या हातात नाही. २०२५मध्ये मेअखेर विद्यार्थी व्हिसाच्या नव्या तारखा देणंच काही आठवडे थांबवलं होतं, त्यात किती घरांचा जीव टांगणीला लागला! अमेरिकेतल्या मुलाला जुलैचं बोलावणं परवडतं, मुंबईतल्याला नाही. मी बाबांच्या बाजूने. उलट १५ जूनही मला उशिराच वाटतो.

गिरगावची_माई
पैशांचं कुणीच बोललं नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅम्हर्स्ट अशी मोजकी कॉलेजं परदेशी मुलांचीही ऐपत न बघता निवड करतात. बाकी बहुतेक ठिकाणी मदत मागणाऱ्या परदेशी मुलाला प्रवेश कठीण, आणि मेपर्यंत मदतीचा निधी बराचसा वाटून झालेला असतो. बाबा, बोलावलं पण मदत दिली नाही, तर तुम्ही जाणार आहात का? याचं उत्तर ‘नाही’ असेल तर १५ जूनची वाट तरी कशाला? आजच कळवा.

चर्चगेट_फास्ट
काका, मी गेल्या वर्षी याच यादीत होते. शेवटपर्यंत थांबले. जुलैत यादी बंद झाल्याचा मेल आला. वाईट वाटलं, पण तो नकार त्यांचा होता. आईबाबांनी ठरवलेल्या तारखेला मला स्वतःच्या हाताने नाव काढायला लावलं असतं, तर ते मला आजही डाचत राहिलं असतं. रेल्वेचं वेटिंग तिकीट आपण चार्ट लागायच्या आधी फाडून टाकतो का?

पार्लेकर_बाबा
बाळा, तुझं म्हणणं मनाला लागलं, पण त्या तिकिटावर नंबर असतो. शिवाय आपण थांबतो तेव्हा आणखी कुणीतरी थांबलेलं असतं. आमच्या ओळखीत एकाने अमेरिकेची वाट बघत इथल्या एका पदवी कॉलेजातही जागा धरून ठेवलीय. त्या कॉलेजच्या पुढच्या यादीकडे डोळे लावून बसलेलं पोरही मुंबईचंच आहे ना? मला हे फार खुपतं.

माहीम_कॉजवे
ते मान्य. इथली जागा अडवून ठेवू नये. यूजीसीच्या २०१८च्या नियमाप्रमाणे प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या किमान १५ दिवस आधी प्रवेश रद्द केला, तर थोडं प्रक्रिया शुल्क वजा करून फी परत मिळते. म्हणजे पैसे अडकलेत ही सबबही चालणार नाही. पण वेटलिस्टवर राहून तुम्ही कुणाची जागा अडवत नाही. तिथे जागा आहे कुठे अजून?

पार्लेकर_बाबा
हे खरं आहे. माईंच्या प्रश्नाचं उत्तरही देतो. मदतीशिवाय आम्ही जाऊ शकत नाही. आज रात्री लेकीसमोर आकडे मांडणार, तिचं ऐकणार. नाव ठेवायचं की काढायचं हे ती ठरवेल. पण १५ जूनला दुसऱ्या कॉलेजच्या आय-२०वर मुलाखतीची तारीख घ्यायची, त्यात बदल नाही.

मुलुंड_पूर्व
१५ जूनला कशाला? आय-२० हातात आला असेल तर सेव्हिसचे, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे, ३५० डॉलर भरून उद्याच तारखा बघा.