गुहागरच्या घरी आजी-आजोबांचे पोर्ट्रेट काढायचेत – जागा, प्रकाश, पोज याबद्दल सल्ला हवा

आगरातली
नमस्कार मंडळी. डिसेंबरात आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. कार्यक्रमाचे फोटो काढायला माणूस ठरवलाय, पण त्याआधी दोघांचे निवांत फोटो मला स्वतः काढायचेत. घर जुनं, चिऱ्याचं. पुढे पडवी, मागे नारळ-सुपारीचं आगर, पलीकडे समुद्र. माझ्याकडे क्रॉप सेन्सरचा (लहान सेन्सरचा) कॅमेरा, ५० एमएम एफ १.८ लेन्स आणि कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स आहे. फ्लॅश नाही. घरचे म्हणतात, सूर्यास्ताला किनाऱ्यावर ने. खरी अडचण अशी की कॅमेरा दिसला की आजोबा ताठ होतात आणि आजी पदर सारखा करत बसते. कुठे काढू, किती वाजता, आणि यांना मोकळं कसं करू?

चिरेबंदी
किनारा विसर. ऐंशीच्या पुढच्या माणसांना वाळूतून चालवायचं, वर वाऱ्याने पदर आणि केस उडणार. शिवाय आपला समुद्र पश्चिमेला. संध्याकाळी तोंड समुद्राकडे केलं तर डोळे बारीक होतात, पाठ केली तर चेहरा काळा पडतो.

तुझी पडवी हाच तुझा स्टुडिओ. वर कौलांचा उतार, समोर उघडं अंगण, म्हणजे डोक्यावरून ऊन नाही आणि समोरून मऊ उजेड. आजोबांना पडवीच्या कडेपासून दोन-तीन हात आत बसव. अगदी अंगणाकडे तोंड नको, उजेड सपाट पडतो. खांदे थोडे तिरके ठेव आणि चेहरा उजेडाकडे वळव. लांबच्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण दिसला की जागा जमली. डोळ्यांत अंगणाची चमक हवीच. ती नसेल तर हनुवटी जराशी वर घ्यायला सांग. सावलीची बाजू फार काळी वाटली तर तिकडे पांढरं धोतर किंवा थर्माकोलचा तुकडा धर. चंदेरी रिफ्लेक्टर नको, सुरकुत्या कडक दिसतात. उलट आजोबांचा चेहरा अजून उठावदार हवा असेल तर त्याच बाजूला काळी घोंगडी टांग, सावली गडद होते.

आगरात काढणार असशील तर सांभाळून. पानांतून गाळून येणारा उजेड कातडीवर हिरवट रंग चढवतो, आणि उन्हातला लाल चिरा जवळ असेल तर गाल तांबूस. रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढ आणि पहिल्या फोटोत आजोबांच्या हातात पांढरा कागद दे, नंतर रंग सुधारायला सोपं जातं.

लेन्स ५०चीच. क्रॉप सेन्सरवर ती पंचाहत्तर-ऐंशीसारखी वागते, चेहऱ्याला उत्तम. किट लेन्स १८ एमएमवर लावून जवळ गेलीस तर नाक मोठं दिसेल आणि आजी पुन्हा कधी फोटोला बसणार नाही.

खाडीकाठ
चिरेबंदींशी बव्हंशी सहमत, पण किनारा एवढा टाकाऊ नाही. सूर्य बुडाल्यावर दहा-पंधरा मिनिटं आकाश मोठ्या पडद्यासारखा उजेड देतं, तेव्हा समुद्राकडे तोंड केलं तरी डोळे मिटत नाहीत. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, त्यामुळे दिवेलागणीच्या आत घरी. सुरूच्या बनापर्यंत गाडी जात असेल तर तिथेच खुर्ची टाका, वाळूत उतरायची गरज नाही. शटर मात्र १/१२५ सेकंदापेक्षा संथ नको, फोटो हलेल; आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) वाढला तर वाढू दे. आणि एसीच्या गाडीतून कॅमेरा एकदम बाहेर काढू नका, काचेवर लगेच वाफ धरते.

सुरंगीवाला
प्रकाशाचं झालं, आता माणसांचं. ‘हसा’ म्हणून कोणी हसत नाही, नुसते ओठ ताणतात. खऱ्या हसण्यात डोळ्यांभोवतीचा स्नायू आकसतो. फ्रेंच डॉक्टर द्युशेन यांनी १८६२ साली हे फोटोंसकट मांडलं होतं. तेव्हा हातांना काम द्या. आजोबांपुढे पानाचा डबा आणि अडकित्ता ठेवा, आजीला परडीभर अबोली द्या गुंफायला. हात गुंतले की खांदे आपोआप उतरतात. सासूबाईंबद्दल, पहिल्या एसटीबद्दल आजीला कोणीतरी विचारत राहा, आणि विचारणारा कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी बसू दे, म्हणजे नजर लेन्सजवळ राहते. मोठं हसू ओसरत असतानाचा क्षण टिपा, चेहरा तेव्हा सगळ्यात मोकळा असतो.

पोर्ट्रेट छायाचित्रकार युसुफ कार्श यांनी १९४१ मध्ये चर्चिल यांच्या तोंडातला सिगार काढून घेतला आणि तो प्रसिद्ध करडा चेहरा मिळाला. तो प्रयोग आजोबांच्या पानावर करू नका. फोटो राहील बाजूला, सहस्रचंद्रदर्शनाला तुम्हालाच घराबाहेर बसावं लागेल.

आगरातली
अडकित्ता नक्की! अजून दोन गोष्टी. आजोबांच्या चष्म्यात अंगण दिसतं. आणि दोघांचा एकत्र कसा काढू? खांद्यावर हात वगैरे आजीला चालणार नाही.

चिरेबंदी
चष्मा काढायला लावू नकोस, चेहरा परका वाटतो. दांड्या कानावर किंचित उचल, काच खाली झुकते आणि चमक बहुतेक वेळा जाते. नाही गेली तर तू थोडी बाजूला सरक.

दोघांचा घेताना झोपाळा नको, पुढेमागे होतो आणि फोकस सुटतो. ओटीच्या पायरीवर बसव, एक पायरी वरखाली. गुडघे एकमेकांकडे, मध्ये पानाचा डबा. स्पर्श नसला तरी जवळीक दिसते. एफ १.८वर लेन्सचं छिद्र खूप उघडं असतं, एकाचाच चेहरा स्पष्ट येईल, म्हणून छिद्र लहान करून एफ ४ ठेव आणि दोन्ही चेहरे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर आण.

खाडीकाठ
१२ बाय १८ इंचांचा प्रिंट करणार असाल तर ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. चोवीस मेगापिक्सेल पुरतात, फक्त फार कातरू नका. फ्रेम करताना फोटो आणि काच यांच्यात माउंट (मधे खिडकी कापलेला जाड पुठ्ठा) घालायला सांगा. आपल्याकडे पावसाळ्यात प्रिंट काचेला चिकटतो. आणि भिंत ओल धरणारी नको, माजघराची आतली भिंत बरी.