लीगल कागदाला सी-फोर पाकीट पुरत नाही

ए-फोर कागद न दुमडता पाठवायचा तर सी-फोर मापाचं पाकीट घ्या, असं सांगतात ते बरोबरच. पण ‘सी-फोरमध्ये सगळी कागदपत्रं बसतात’ हे मात्र पटलं नाही. सोसायटीची आणि जागेची निम्मी कागदपत्रं लीगल कागदावर असतात. त्याची लांबी 356 मिमी आणि सी-फोर पाकीट 324 मिमी. मग लोक खालचा दीड-दोन इंच भाग दुमडतात आणि घडी नेमकी सह्या-शिक्क्यांवर येते. आमच्या ठाण्यातल्या सोसायटीत रिडेव्हलपमेंटची संमतीपत्रं बाहेरगावच्या सभासदांकडून परत यायची, तेव्हा अशाच घडीमुळे शिक्क्याची शाई पुसट झालेली असायची. काहींकडून पुन्हा सही-शिक्का करून मागवावा लागला, आणि त्यात म्हाताऱ्या माणसांची फार ओढाताण झाली.

लीगलसाठी किमान 15 इंच लांबीचं पाकीट हवं. ठाण्यात जांभळी नाक्याकडे स्टेशनरीवाल्याला ‘सी-फोर’ म्हणण्यापेक्षा इंचात सांगा, 12 बाय 16 मागा. जाड गठ्ठा असेल तर आतून कापड लावलेलंच घ्या. साध्या खाकी पाकिटाचे कोपरे स्टेपलच्या पिनांनी आतून फाटतात. शिवाय गठ्ठ्याची जाडी पाकिटाची रुंदी खाते, त्यामुळे कागद सोबत नेऊन दुकानातच घालून बघावा. पोकळी उरली तर मागे कागदाच्या मापाचा पुठ्ठा घाला, म्हणजे कागद आत सरकत नाहीत. एकपानी पत्राला मात्र दोन घड्या घालून, म्हणजे तीन सारखे भाग करून, डीएल, म्हणजे 110 बाय 220 मिमीचं पाकीट पुरे.