२०१८ ची स्प्लेंडर प्लस आणि २०२१ चे पार्ट
दादा, तुमच्या गाडीला २०२१ चे पार्ट बसतील का, असं विचारलंत. ‘गाडी तीच, पार्ट बसणारच’ हे पोवई नाक्यावरच्या मेस्त्रीचं म्हणणं आरशापुरतं ठीक. तुमची २०१८ ची कार्बोरेटरवाली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ (धुराचा कडक नियम) आलं, कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन (इंजिनात पेट्रोल फवारणारी यंत्रणा) आलं. २०२१ च्या गाडीची वायरिंग, पेट्रोल टाकी, सायलेन्सर यांचा नाद सोडा. शिवाय २०१९ पासून सीबीएस सक्तीचं, म्हणजे पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही लागतो. तेव्हा ब्रेकची केबल जुनी शेजारी धरूनच घ्या. स्प्रॉकेटचे (चेनच्या दातेरी चाकाचे) दात मोजा, बोल्टची भोकं जुळवा.

आरसीवरच्या नोंदणीच्या सालावर जाऊ नका, डिसेंबरात बनलेली गाडी जानेवारीत पासिंग होते. चेसिस नंबर देऊन पार्ट नंबर काढून घ्या. काउंटरवाल्याने वेगळा नंबर सांगितला तर लगेच भांडू नका (आपल्या साताऱ्यात ते आधी होतं!), कंपनी जुना नंबर बंद करून त्याच पार्टला नवा देते.