गव्हाचा दाणा भरताना मोजत बसायचं, की शेवटी एकदाच वजन करायचं?

काडीमोड:
स्पष्टच लिहितो, पटलं नाही तर फाडा. गव्हाच्या पैदाशीत दाणा भरायचा वेग आणि कालावधी मोजायचं जे खूळ आलंय ते मला तरी वेळेचा चुराडा वाटतं. हिशोब करा. 300 ओळी (म्हणजे पैदाशीतले वेगवेगळे वंश), 2 रेप्लिकेशन (प्रत्येक ओळीचे दोन प्लॉट), फुलोऱ्यापासून दर चार दिवसांनी असं 8 वेळा सॅम्पल, दर वेळी प्लॉटमधून 5 ओंब्या. झाल्या 24000 ओंब्या! प्रत्येकीला आधी फुलोऱ्यात टॅग लावा, मग तोडा, दाणे सोडवा, ओव्हनमध्ये वाळवा, वजन करा, आणि एवढं करून हातात काय तर दाण्याचं वजन दिवसागणिक कसं वाढलं त्याचा एस आकाराचा वक्र. त्याचं शेवटचं टोक म्हणजे हजार दाण्यांचं वजन, ते तर कापणीनंतर पाच मिनिटांत मिळतं आणि त्याची हेरिटॅबिलिटी (फरकातला आनुवंशिक वाटा) उत्पादनापेक्षा चांगलीच जास्त असते. मग मधला रस्ता कशाला मोजायचा?

डिग्रीडे:
मधला रस्ता मोजायचा कारण दोन ओळी एकाच वजनाला वेगवेगळ्या वाटेनं पोचतात. समजा दोघींचा दाणा 42 मिलिग्रॅम. एक रोज 1.75 मिलिग्रॅमनं 24 दिवसांत भरली, दुसरी 1.2 नं 35 दिवसांत. तुमचा तराजू म्हणणार सेम. शेवटच्या दहा दिवसांत ऊन तापलं की पहिलीचं काम झालेलं असतं आणि दुसरीचा दाणा सुरकुततो. तापमान वाढलं की कालावधी आकसतो, वेग थोडा वाढतो पण ती तूट भरून निघत नाही, कारण स्टार्च बनवणारं एन्झाइमच उष्णतेत ढेपाळतं आणि दाण्याचं कोरडं वजन म्हणजे साधारण दोन तृतीयांश स्टार्चच. सेरेस-व्हीट या गव्हाच्या वाढीच्या कॉम्प्युटर मॉडेलमध्ये वाणासाठी दाणा भरायचा कालावधी डिग्री-डेमध्ये (रोजच्या तापमानाच्या बेरजेत) वेगळा द्यावा लागतो तो उगाच नाही. नुसतं हजार दाण्यांचं वजन देऊन पुढच्या गरम हंगामात काय होईल ते कुठलंच मॉडेल सांगणार नाही.

काडीमोड:
कागदावर मस्त. पण तुमचा वेग आणि कालावधी दोन्ही एकाच वक्रातून काढलेले ना? शेवटचं वजन डेटानं बांधून ठेवलंय, म्हणजे वेग चुकून जरा जास्त आला की कालावधी आपोआप कमी येणार. मग सगळे म्हणतात बघा बघा दोघांत उलटा संबंध आहे! त्यातला गव्हाचा किती आणि फिटिंगचा किती? वक्राचं लॉजिस्टिक सूत्र बसवा एक कालावधी, गॉम्पर्ट्झ सूत्र बसवा दुसरा. अशा आकड्यावर मी ओळी बाद करू?

ओव्हन_चालू_आहे:
तुम्ही दोघं वक्रावर भांडताय, दाणा कुठला घेतला ते कोणी विचारत नाहीये 😅 ओंबीच्या मधल्या स्पाइकलेटमधला (दाण्यांच्या झुबक्यातला) पहिला-दुसरा दाणा मोठा, तिसरा-चौथा उशिरा धरतो आणि छोटाच राहतो. सगळी ओंबी मळून सरासरी काढली तर जास्त दाणे धरणारी ओळ उगाच वाईट दिसते, कारण तिच्यात छोटे दाणे जास्त, मोठे काही लहान झालेले नसतात. आमच्याकडे एका हंगामात निम्मे टॅग फुलोऱ्यात परागकोश दिसल्यावर लागायच्या ऐवजी आधीच, ओंबी बाहेर पडल्यावर लागले होते, सगळे वक्र चार-पाच दिवस सरकलेले, कुठलं मॉडेल ते सुधारणार? आणि एक, ओव्हनमध्ये टाकायच्या आधी ओलं वजन घ्या हो, फुकट आहे. दाण्यातलं पाणी मध्यावरच कमाल गाठतं आणि त्यावरून शेवटच्या वजनाचा बराच अंदाज येतो. ओलावा 40 टक्क्यांच्या खाली उतरायला लागला की भरणं संपत आलं समजायचं.

हिरवंपान:
दाणे सोडवायचेच कशाला मग? ड्रोन उडवा, एनडीव्हीआय (पिकाच्या हिरवेपणाचा आकडा) घ्या, जिचं पान जास्त दिवस हिरवं तिचा दाणा जास्त भरणार.

काडीमोड:
नाही हो, इथे तर मी डिग्रीडेच्या बाजूनं, दाणाच मोजायला हवा. 2006 मध्ये गव्हातली नॅम जीन (पान पिवळं पाडून त्यातला माल दाण्याकडे धाडणारी) दाबून बघितली होती, पान तीन आठवड्यांहून जास्त उशिरा पिवळं पडलं आणि दाण्यातलं प्रोटीन, झिंक, लोह 30 टक्क्यांहून जास्त घटलं. 2015 मध्ये त्याच प्रकारच्या झाडांवर दाणा मोजला तर वजन वाढलेलं नाही, जास्तीची साखर फ्रुक्टन (साठवणीची साखर) होऊन काडीतच पडून. दाणा उपाशी नव्हताच, त्याची पिशवीच तेवढी. पिशवीचं माप फुलोऱ्याच्या आसपास नि पहिल्या दोनेक आठवड्यांत ठरतं.

हिरवंपान:
पाणी तुटलं की काडीतलं तेच फ्रुक्टन दाण्यात उतरतं, ते विसरू नका. पण बरं, हिरवं म्हणजे भरलेलं नाही, मान्य.

डिग्रीडे:
काडीमोड, पहिले दोन आठवडे महत्त्वाचे हे तुम्हीच म्हणताय, मग ते शेवटच्या वजनात दिसणार कसे? फिटिंगचा मुद्दा मात्र खरा आहे. प्रत्येक प्लॉटला वेगळा वक्र बसवायचा नाही, सगळे एकाच मिश्र मॉडेलमध्ये टाकायचे, म्हणजे चूक वेगळी काढता येते. आणि 300 ओळींवर कोण म्हणतंय? क्रॉसिंगला घेणार त्या 20 पालकांवर करा, वेळेवरची आणि उशिराची अशा दोन पेरण्यांत. पोरांची निवड खुशाल तराजूवर करा.

काडीमोड:
20 असतील तर मला चालेल. उशिराच्या पेरणीत वजन किती पडलं एवढंच बघून तोच निकाल येतो का, तेही शेजारी मांडा. आला तर वक्र गुंडाळायचा.

ओव्हन_चालू_आहे:
20 पालक, 2 पेरण्या, 2 रेप्लिकेशन, 8 सॅम्पल, 5 ओंब्या. तरी 3200 झाल्या. टॅग लावायला कोण येतंय ते आधी लिहा.